गाडीच्या एसीचं काम शिकताना: गॅस आणि ऑइल सांभाळून कसं हाताळायचं

उन्हाळ्याच्या तोंडावर गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, ‘गॅस संपलाय, जरा टॉप-अप करून द्या.’ नव्याने काम शिकणाऱ्याने पहिली गोष्ट ही ध्यानात ठेवायची की एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद पाइपात फिरत राहतो. रबरी पाइपातून आणि कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या) सीलमधून वर्षाला थोडासा झिरपतो, पण कूलिंग बंद पडण्याइतका कमी झाला असेल तर तो कुठेतरी गळला आहे. गळती न शोधता वरून गॅस मारला तर महिन्या-दोन महिन्यांत गाडी परत येते. मधल्या काळात गॅसबरोबर ऑइलही बाहेर पडलेलं असतं, आणि मग प्रश्न कॉम्प्रेसरवर येतो.

या कामात अंदाजपंचे काही चालत नाही. गॅस ग्रॅममध्ये, ऑइल मिलिलिटरमध्ये आणि व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा ओढून काढणं) मिनिटांत मोजायचा.

आधी गॅस ओळखा

बॉनेट उघडलं की आतल्या बाजूला किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर स्टिकर असतो. त्यावर गॅसचं नाव, वजन आणि बहुतेक वेळा ऑइलचा प्रकार छापलेला असतो. आपल्याकडे रस्त्यावर धावणाऱ्या बहुतांश गाड्यांत आर-१३४ए असतो. छोट्या हॅचबॅकमध्ये तो साधारण ३५० ते ४५० ग्रॅम बसतो. मागच्या सीटसाठी वेगळी कूलिंग कॉइल असलेल्या मोठ्या गाडीत तो ७०० ग्रॅमच्या पुढे जातो. शेवटचा शब्द मात्र स्टिकरचा. स्टिकर गेला असेल तर कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, शेजारच्या गाडीवरून ठरवू नका.

बाहेरून आलेल्या काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. तो सौम्य ज्वलनशील आहे. हवेत त्याचं प्रमाण सुमारे ६ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असेल आणि पुरेशी ठिणगी मिळाली तर तो पेट घेतो. त्याच्या गाडीचं गॅस भरायचं तोंड आर-१३४एच्या कपलरला (पाइप जोडायच्या टोकाला) बसत नाही, आणि हे मुद्दाम तसं केलेलं आहे. ॲडॉप्टर लावून जबरदस्तीने दुसरा गॅस भरणं म्हणजे कंपनीने बसवलेली सुरक्षा काढून टाकणं. आर-१३४एच्या गाडीत लो साइडचं (कमी दाबाच्या बाजूचं) तोंड १३ मिलिमीटरचं आणि हाय साइडचं (जास्त दाबाच्या बाजूचं) १६ मिलिमीटरचं असतं. त्यामुळे दाब मोजणाऱ्या गेजचे निळा आणि लाल पाइप चुकून अदलाबदल होत नाहीत.

आर-१२ या जुन्या गॅसच्या गाडीत मिनरल ऑइल असतं. त्यात नुसता आर-१३४ए भरला तर तो त्या ऑइलमध्ये मिसळत नाही. ऑइल कॉइलमध्ये साचून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो.

जागा आणि अंगावरचं सामान

आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो. द्रवरूपात हातावर उडाला की त्या क्षणी उकळून कातडीतली उष्णता ओढून घेतो, आणि भाजल्यासारखीच जखम होते. डोळ्यात गेला तर बुबुळ गोठू शकतं. म्हणून बाजूंनी बंद असलेला चष्मा लावल्याशिवाय कपलरला हात लावायचा नाही. साधा चष्मा पुरत नाही, कारण फवारा खालून आणि बाजूने येतो. हातात ऑइलसाठी नायट्राइलचे मोजे घाला. पाइप जोडताना आणि सोडताना त्यावर जाड मोजे चढवा, कारण पातळ नायट्राइल थंडीने कडक होऊन कातडीला चिकटतं.

दुसरा धोका दिसत नाही. हा गॅस हवेपेक्षा सुमारे साडेतीनपट जड आहे आणि त्याला जवळजवळ वास नाही. गाडीखाली काम करण्याचा खड्डा असेल तर गळलेला गॅस तिथे जाऊन बसतो आणि तिथली हवा वर ढकलतो. खड्ड्यात उतरलेल्या माणसाला आधी गरगरतं, आणि नेमकं काय होतंय हे कळायच्या आत तो कोसळतो. एसीची गाडी खड्ड्यावर घेऊच नका. पंखा लावायचाच तर जमिनीलगत, हवा बाहेर जाईल असा लावा.

तिसरा धोका आगीचा. आर-१३४ए साध्या परिस्थितीत पेटत नाही, पण ज्वाळेतून किंवा लालभडक तापलेल्या धातूवरून गेला की त्याचं विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं. हा वायू फुफ्फुसं आणि डोळे जाळतो. म्हणून बाजूला गॅस वेल्डिंग चालू असेल तर ते थांबवा आणि विडी-सिगारेट दूर ठेवा. गॅस पूर्ण काढून, दोन्ही तोंडं मोकळी करून, नायट्रोजनने पाइप फुंकून घेतल्याशिवाय ॲल्युमिनियमच्या पाइपाला टॉर्च लावू नका. काम करताना अचानक झोंबणारा, तिखट वास आला तर तो कसला हे शोधत बसू नका, बाहेर पडा.

गॅस काढणं

नट ढिला करून गॅस हवेत सोडून देणं ही अनेक ठिकाणची सवय आहे. ती तुम्ही लावून घेऊ नका. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-१३४ए वातावरण तापवतो तेवढंच सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइड तापवतो. म्हणजे एका हॅचबॅकचा ४५० ग्रॅम गॅस सोडला की ६०० किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. २०१६च्या किगाली करारानुसार भारतात अशा गॅसची कपात २०३२पासून सुरू होणार आहे. आज रिकव्हरी मशीन (गाडीतला गॅस ओढून सिलिंडरमध्ये साठवणारं यंत्र) वापरायची सवय लागली तर पुढे हाच वाचवलेला गॅस कामाला येईल. आणि आजच्या पुरतं बोलायचं तर जोरात सोडलेला गॅस सोबत ऑइलही घेऊन जातो, मग किती गेलं याचा हिशेब लागत नाही.

इंजिन बंद. गेजचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत हे बघून निळा पाइप लो साइडला आणि लाल पाइप हाय साइडला लावा. इथेच थोडं थांबून काटे वाचा. गाडी काही तास उभी असेल आणि आत थोडा तरी द्रव गॅस असेल, तर दोन्ही काटे एकाच आकड्यावर येतात आणि तो आकडा तापमानाशी जुळतो. आर-१३४एसाठी २५ अंशांना सुमारे ८२ पीएसआय (दाबाचं माप), ३० अंशांना ९७, ३५ अंशांना ११४, ४० अंशांना १३३. गॅरेजमध्ये ३० अंश असताना काटा १२५ दाखवत असेल तर आत हवा शिरली आहे किंवा दुसरा गॅस मिसळला आहे. असा गॅस चांगल्या सिलिंडरमध्ये ओढला की तो सिलिंडरही बिघडला. त्यासाठी ‘मिश्र’ असं लिहिलेला वेगळा सिलिंडर ठेवा. आकडा बराच कमी असेल तर आत द्रव उरलेला नाही, म्हणजे बहुतेक गॅस गेलेला आहे.

मग मशीन चालू करून काटा शून्याखाली जाईपर्यंत ओढा. मशीन बंद करून पाच ते दहा मिनिटं थांबा. ऑइलमध्ये विरघळलेला गॅस हळूहळू सुटतो आणि काटा परत वर चढतो. चढला की पुन्हा ओढा. काटा वर चढायचा थांबत नाही तोवर एकही नट सोडायचा नाही. मशीनच्या बाटलीत जमलेलं ऑइल मोजून लिहून ठेवा, तेवढं परत भरायचं आहे.

सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही. त्यावर पाण्याचं माप कोरलेलं असतं. १२ लिटरचा सिलिंडर असेल तर साडेनऊ किलोला थांबा. द्रव गॅस तापला की फुगतो. वर वाफेसाठी जागा उरली नाही तर दाब झपाट्याने चढून सिलिंडर फुटतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत असा सिलिंडर ठेवणं हा जिवाशी खेळ आहे. ज्यातून नवा गॅस येतो तो १३.६ किलोचा एकदाच वापरायचा सिलिंडर रिकामा झाला म्हणून त्यात काढलेला गॅस भरू नका. त्याचा पत्रा आणि व्हॉल्व्ह त्यासाठी बनवलेले नसतात.

ऑइल: नुकसान इथेच होतं

आर-१३४एच्या पट्ट्यावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये बहुतेक करून पॅग नावाचं सिंथेटिक ऑइल असतं. ते ४६, १०० आणि १५० अशा जाडीत मिळतं, आणि कोणतं घालायचं हे कॉम्प्रेसरवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ‘जाड घातलं तर जास्त टिकेल’ हा समज चुकीचा आहे. ४६च्या जागी १५० घातलं तर ते बारीक फटीत वेळेवर पोहोचत नाही.

पॅग ऑइल हवेतला ओलावा मिठासारखं ओढून घेतं. जुलैतल्या कोकणात किंवा मुंबईत झाकण उघडं टाकलेला डबा संध्याकाळी वापरण्यालायक राहत नाही, जरी ऑइल दिसायला तसंच स्वच्छ दिसत असलं तरी. ओलावा, गॅस आणि उष्णता एकत्र आली की आत आम्ल तयार होतं, आणि ते ॲल्युमिनियम आतून खातं. म्हणून एक लिटरपेक्षा २५० मिलीचे छोटे डबे घ्या. लागेल तेवढं काढून झाकण लगेच लावा. उघडल्याची तारीख डब्यावर लिहा. साध्या प्लास्टिकच्या बाटलीत काढून ठेवू नका, प्लास्टिकमधूनही ओल शिरते. गाडीच्या रंगावर थेंब पडला तर तिथल्या तिथे पुसा, रंग मऊ पडतो.

पाइप सुटला की त्याच क्षणी दोन्ही तोंडं टोपीने बंद करा. फडकं कोंबू नका, त्याचे धागे एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) जाळीत जाऊन बसतात.

भाग बदलला की त्यात राहिलेलं ऑइल त्याच्याबरोबर जातं. तेवढं नव्यात घालावं लागतं: कंडेन्सरसाठी (गाडीच्या पुढची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) साधारण ३० ते ४० मिली, कूलिंग कॉइलसाठी ४० ते ५०, ड्रायरसाठी (ओल शोषणारा डबा) १० ते २०, एखाद्या पाइपासाठी १०. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच खरा.

कॉम्प्रेसर बदलताना सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून हे सावकाश वाचा. नवा कॉम्प्रेसर बहुधा पूर्ण सिस्टिमचं ऑइल पोटात घेऊन येतो, समजा १२० मिली. जुना कॉम्प्रेसर मापाच्या भांड्यावर उलटा धरून, शाफ्ट हाताने फिरवत निथळवा. समजा ५५ मिली निघालं. उरलेलं सुमारे ६५ मिली कॉइल, कंडेन्सर आणि पाइपांत पसरलेलं आहे. आता नवा तसाच बसवला तर सिस्टिममध्ये १८५ मिली ऑइल झालं. जादा ऑइल कॉइलच्या आतून थर धरतं, कूलिंग मंदावतं, आणि ऑइलचा लोट परत कॉम्प्रेसरमध्ये आला तर आतल्या पात्या तुटतात. म्हणून नव्यातलं सगळं काढा आणि ५५ मिली परत घाला, ड्रायरही बदलत असाल तर त्याचं वेगळं. बसवल्यावर पट्टा चढवण्याआधी शाफ्ट हाताने दहा-बारा वेळा फिरवा. जुन्यातून जेमतेम १५-२० मिली निघालं तर गळतीबरोबर ऑइल बाहेर गेलं आहे. आधी ती गळती शोधा, मग एकूण किती ऑइल लागेल ते ठरवा.

निघालेलं ऑइल पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून बघा. फिकट पिवळं किंवा डाय (गळती शोधायचा रंग) घातलेलं हिरवं असेल तर ठीक. काळं आणि जळकट असेल, किंवा थेंब बोटाने पसरवल्यावर चांदीसारखी चमक दिसली तर कॉम्प्रेसर आतून घासला गेला आहे. अशा वेळी नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. आजकालच्या कंडेन्सरच्या नळ्या आतून इतक्या बारीक असतात की फ्लशने तो चुरा निघत नाही. कंडेन्सर, ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह तिन्ही बदला. गिऱ्हाइकाला तो कागद दाखवा, खर्च का वाढला हे त्याला लगेच पटतं. फ्लशिंगला पेट्रोल, रॉकेल किंवा थिनर कधीही नको. आत उरलेला अंश ऑइल पातळ करतो आणि आगीचाही धोका असतो.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं प्रकरण वेगळं आहे. त्यांच्या कॉम्प्रेसरची मोटर गॅस-ऑइलच्या आतच बसलेली असते, म्हणून त्यात विजेला अडवणारं पीओई ऑइल लागतं. पॅग ऑइलचा थोडासा अंशही इन्सुलेशन कमी करतो, आणि मग गाडी हाय-व्होल्टेजचा दोष दाखवून बंद पडते. ज्या गेजमधून आणि मशीनमधून रोज पॅग ऑइल जातं ते या गाड्यांना लावू नका, पाइपाचा वेगळा संच ठेवा. नारिंगी केबल असलेल्या कॉम्प्रेसरला, हाय-व्होल्टेज तोडण्याचं प्रशिक्षण नसेल तर, हात लावू नका.

गळती शोधणं

जिथे गेजचे पाइप लावतो त्या पिनच्या टोपीपासून सुरुवात करा. टोपीखाली ऑइल दिसलं तर काम पाच मिनिटांचं आहे. पुढे पाइपांचे जोड, कॉम्प्रेसरचा सील आणि दगड लागणारा कंडेन्सरचा पुढचा भाग. किनारपट्टीच्या गाड्यांत कंडेन्सरचे खालचे दोन कोपरे आवर्जून बघा, चिखल तिथे साचतो आणि खारी ओल धरून ठेवतो. गळतीच्या जागी धूळ ऑइलला चिकटून काळपट डाग दिसतो. कूलिंग कॉइल न उघडता तपासायची असेल तर गाडी थोडा वेळ बंद ठेवून पाणी बाहेर पडायच्या नळीशी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर धरा.

सिस्टिम रिकामी असेल तर रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरा, जोडांवर साबणाचं पाणी लावा आणि अर्धा तास काट्यावर नजर ठेवा. नायट्रोजनच्या सिलिंडरमध्ये २,००० पीएसआयच्या आसपास दाब असतो, म्हणून रेग्युलेटरशिवाय जोडणी नाही. ऑक्सिजन चुकूनही वापरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ऑइल एकत्र आले की स्फोट होतो. टायरच्या कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यात ओल असते, आणि दाबाखाली हवेत मिसळलेला आर-१३४ए पेटू शकतो.

गळती बुजवणारं लिक्विड आत सोडू नका. हवा आणि ओल लागली की ते घट्ट होतं, आणि मग एक्सपान्शन व्हॉल्व्ह आणि तुमचं रिकव्हरी मशीन दोन्ही अडकतात.

जोड परत लावताना ओ-रिंग नवीच हवी, आर-१३४एला चालणारी, आणि सिस्टिममध्ये जे ऑइल आहे त्याचाच हात फिरवलेली. नटाचा जोड दोन पाने लावून घट्ट करा, नाहीतर ॲल्युमिनियमचा पाइप पिळला जातो.

व्हॅक्यूम

व्हॅक्यूममुळे आतली हवा निघते आणि दाब इतका उतरतो की पाणी साध्या तापमानाला उकळून वाफ होऊन बाहेर जातं. किमान ३० ते ४५ मिनिटं द्या. पावसाळ्यात किंवा सिस्टिम बराच वेळ उघडी राहिली असेल तर तासाहून जास्त. ड्रायर त्या वेळी नवाच बसवा, आणि तो पिशवीतून अगदी शेवटी काढा.

इथे एक गोष्ट नव्या मुलांना गोंधळात टाकते. मुंबईत व्हॅक्यूमचा काटा (पाऱ्याच्या) २९ इंचांच्या पुढे जातो, पुण्यात २८च्या आसपास अडतो आणि महाबळेश्वरला २५-२६लाच थांबतो. पंप बिघडलेला नसतो. उंचीवर हवेचाच दाब कमी असतो. मायक्रॉन गेज (आत उरलेला अगदी बारीक दाब मोजणारं गेज) असेल तर हा गोंधळ उरत नाही, सगळीकडे ५०० मायक्रॉनखाली गेलं की झालं. मग व्हॉल्व्ह बंद करून १५ मिनिटं थांबा. काटा सरळ चढत राहिला तर गळती आहे. थोडा चढून थांबला तर आत अजून ओल आहे. पंपाचं ऑइल दुधाळ दिसलं की लगेच बदला. आणि व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाही असं समजू नका. व्हॅक्यूममध्ये बाहेरून फक्त एका वातावरणाचा दाब असतो, चालू गाडीत हाय साइडला आतून पंधरा-सोळापट.

गॅस भरणं

सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा, गेज आणि सिलिंडर जोडणाऱ्या पिवळ्या पाइपातली हवा काढून घ्या. इंजिन बंद ठेवूनच सुरुवात करा, व्हॅक्यूम स्वतःहून बराच गॅस ओढून घेतो. मग हाय साइडचा व्हॉल्व्ह बंद आहे हे दोनदा बघा, इंजिन आणि एसी चालू करा, आणि उरलेला गॅस लो साइडने, सिलिंडर उभा ठेवून, वाफेच्या रूपात सोडा. चालू इंजिनवर हाय साइड उघडली तर २०० पीएसआयच्या वरचा दाब उलटा सिलिंडरमध्ये शिरतो. छोटा कॅन असेल तर तो हातात फुटतो. सिलिंडर उलटा करून लो साइडने द्रव सोडला तर कॉम्प्रेसरला तो दाबता येत नाही आणि पात्या तुटतात. सिलिंडर थंड पडून गॅस मंद झाला तर कोमट पाण्याची बादली घ्या, पाणी ४० अंशांच्या वर नको. ज्वाळा किंवा हीट गन अजिबात नको.

स्टिकरचं वजन भरलं की थांबा. काट्याकडे बघून ‘अजून थोडा’ नको. बाहेर ३५ अंश असताना, इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर, लो साइड साधारण ३० ते ४५ आणि हाय साइड २०० ते २५० पीएसआय दिसते. दोन्ही काटे चढे असतील तर गॅस जास्त आहे, हवा आहे किंवा कंडेन्सरचा पंखा चालत नाही. लो चढा आणि हाय उतरता असेल तर कॉम्प्रेसर थकला आहे. लो व्हॅक्यूमकडे जात असेल तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह तुंबला आहे. वीस मिनिटं छान थंड, मग गरम हवा, गाडी बंद करून थोड्या वेळाने परत थंड, असं होत असेल तर आतल्या ओलीचा बर्फ व्हॉल्व्हवर जमतो आहे. मागे जाऊन ड्रायर आणि व्हॅक्यूम नीट करा.

स्वस्त गॅस

बाजारभावापेक्षा फार स्वस्त मिळणारा सिलिंडर घेऊ नका. त्यात एलपीजीचं मिश्रण असू शकतं, आणि मग कॉइल गळली की पेटणारा गॅस थेट केबिनमध्ये. त्याहून वाईट म्हणजे मिथाइल क्लोराइड. ते ॲल्युमिनियमशी रासायनिक क्रिया करतं आणि हवा लागताच आपोआप पेटणारं संयुग बनवतं. २०११मध्ये अशाच भेसळीच्या गॅसमुळे जहाजी शीतकंटेनरांच्या कॉम्प्रेसरचे स्फोट होऊन व्हिएतनाममध्ये कामगार दगावले. सिलिंडर सावलीत रात्रभर ठेवून दाब वर दिलेल्या आकड्यांशी ताडून बघा. पण आर-१२ आणि आर-१३४एचे दाब इतके जवळ आहेत की या परीक्षेने सगळं कळत नाही. गॅस ओळखणारं यंत्र असेल तर प्रत्येक नवा सिलिंडर त्यातून तपासा.

काही झालंच तर

हातावर गॅस उडाला तर कोमट पाण्यात धरा. चोळू नका, गरम पाणी नको, शेकू नका. कपडा चिकटला असेल तर पाण्याने सैल होऊ द्या, ओढू नका. डोळ्यात गेला तर १५ मिनिटं स्वच्छ पाणी आणि थेट डॉक्टर. गुदमरलेल्या माणसाला उघड्यावर आणा, पण खड्ड्यात पडलेल्याला वर काढायला स्वतः उतरू नका, आधी तिथे हवा खेळती करा. डॉक्टरांना गॅसचं नाव सांगा. हे गॅस भरपूर प्रमाणात श्वासात गेले की हृदय ॲड्रेनलिनला नेहमीपेक्षा तीव्र प्रतिसाद देतं आणि ठोके बिघडू शकतात, त्यामुळे औषध निवडताना त्यांना हे माहीत असायला हवं. धूर किंवा जळका गॅस लागला असेल तर तेही सांगा. हायड्रोजन फ्लोराइडच्या जखमेवर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात, आणि अशी जखम सुरुवातीला किरकोळ वाटली तरी आत खोलवर जाते.

काढलेलं ऑइल गटारात किंवा मातीत नको, इंजिन ऑइलच्या पिंपातही नको. वेगळ्या डब्यात साठवून परवानाधारक पुनर्वापर करणाऱ्याकडे द्या. गाडी देण्याआधी बॉनेटखाली एक चिठ्ठी चिकटवा: तारीख, गॅसचं नाव आणि ग्रॅम, ऑइलचा प्रकार आणि मिलिलिटर, डाय घातला की नाही. पुढच्या वेळी ती गाडी उघडणाऱ्याला तेवढं पुरतं.